पंडिता रमाबाई : चालत राहिलेले एक जीवन

मैदानी शर्यतींच्या दिवशी आरंभरेषेवर उभ्या राहिलेल्या मुलामुलींचे चेहरे ज्याने जवळून पाहिले आहेत, त्यास भीती म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. ओठ कोरडे पडतात, हात गार होतात, पोटात गोळा येतो, आणि शिट्टी होण्यापूर्वीचे ते दोन क्षण दोन घटकांएवढे लांब वाटू लागतात. हीच मुले मार्च महिन्यात शालान्त परीक्षेसाठी दालनाबाहेर उभी असतात तेव्हाही त्यांची अवस्था अशीच असते. किंबहुना त्या वेळी फाटकाबाहेर थांबलेल्या आईबापांची अवस्था अधिक कठीण असते. आपल्या उपनगरांतील किती तरी घरांत उद्याची शाश्वती नाही. नोकरी टिकेल की नाही, राहती जागा हातची जाईल की काय, मुलाला पुढे प्रवेश मिळेल की नाही, या प्रश्नांनी घरातील वडील माणसे रात्री कूस बदलत असतात, आणि मुले झोपली आहेत अशी त्यांची समजूत असते; पण मुले झोपलेली नसतात.

मागे एकदा दहावीतील एक विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली. अभ्यास होता, बुद्धी होती, पण रात्री झोप येत नाही, छाती धडधडते, असे तिने खाली मान घालून सांगितले. मी तिला दोन गोष्टी करावयास सांगितल्या. रोज संध्याकाळी मैदानाला धावत चार फेऱ्या घालाव्या, आणि मग हातपाय धुऊन दहा मिनिटे प्रार्थनेत स्वस्थ बसावे. ती हिंदू घरातील होती, तेव्हा प्रार्थना तिने आपल्या घरच्या रीतीने केली, आणि त्यास माझी काहीच हरकत नव्हती. काही दिवसांनी ती म्हणाली की, बाई, थोडे बरे वाटते. पण मोठ्या माणसांनाही असे होत असेल का? त्या दिवशी मी तिला पंडिता रमाबाईंची हकीकत सांगितली. तीच येथे जरा विस्ताराने लिहीत आहे. रमाबाईंचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळते, परंतु तेथे बहुधा पदव्या आणि संस्था यांची यादी असते. त्या बाईंचे पाय किती चालले आणि मन किती वर्षे अस्वस्थ होते, हे तेथे सापडत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात मोडते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, आणि त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. पुण्यास विद्यार्थी असताना पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीस संस्कृत पाठ देताना त्यांनी ऐकले होते, तेव्हापासून हा विचार त्यांच्या मनात रुजला होता. आप्तजनांस तो रुचला नाही. शेवटी अनंतशास्त्र्यांनी रानात घर बांधले, तेथे विद्यार्थी ठेविले, येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंस जेवू घातले, आणि या आतिथ्यातच त्यांची जमीनजुमला संपला. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या टोपलीत घालून एका माणसाने डोक्यावरून डोंगराखाली आणले. तेथून पुढे वीस वर्षे या मुलीला कायमचे असे घर नव्हते.

यात्रेतील जीवनाचा क्रम असा असे. एखाद्या क्षेत्री जावे, देवळात वा धर्मशाळेत उतरावे, स्नानसंध्या करावी, शास्त्रीबोवांनी पुराण सांगावे, आणि श्रोत्यांनी जे धान्य, फळ, दक्षिणा ठेविली असेल त्यावर निर्वाह करावा. मग पुढच्या क्षेत्राकडे चालू लागावे. रमेची शाळाही याच मार्गावर भरे. दिवसा आईस वेळ नसे म्हणून पहाटे, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, ती मुलीला मांडीवर घेऊन गोंजारून जागी करी आणि तोंडपाठ धडे देई. हाताशी पाटी नाही, पुस्तक नाही. अशा रीतीने भागवताचे सहस्रावधी श्लोक त्या मुलीच्या मुखी बसले. आमच्या काळातील पालक मुलाच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याबद्दल योग्य ती तक्रार करतात; या मुलीचे सर्व दप्तर तिच्या डोक्यात होते आणि ते वाहून नेण्यास तिला रोज मैलोगणती चालावे लागे. व्यायाम म्हणून कोणी तिला चालविले नाही. परंतु ज्याला आपण दम म्हणतो, जो मैदानावर महिनोन् महिने घाम गाळून मिळवावा लागतो, तो तिच्या अंगी नकळत मुरत गेला.

पुढे दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. लोकांजवळच दाणा नाही, तेव्हा पुराण ऐकून दक्षिणा कोण देणार? मोलमजुरी करणे किंवा भीक मागणे या कुटुंबाच्या रीतीत बसत नव्हते. होते ते सोने, चांदी, अखेर तांब्यापितळेची भांडी विकली गेली. त्यातलाही भाग देवाब्राह्मणांस गेला. मग तिरुपतीच्या परिसरातील रानात अकरा दिवस व अकरा रात्री या पाच माणसांनी पाणी, झाडांची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वृद्ध पित्याने पवित्र जलाशयात देह ठेवावयाचे ठरविले होते. सर्वांनी त्यांचा निरोपही घेतला होता. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास याने, कसलेही काम करीन पण तुम्हांस सांभाळीन, असे सांगून त्यांस परावृत्त केले. अनंतशास्त्री दृष्टीने अधू झाले होते. मरण्यापूर्वी त्यांनी सर्वांत धाकट्या रमेस जवळ घेतले, आपण तुला ईश्वराच्या हाती दिले आहे, सन्मार्गाने राहा आणि त्याची सेवा कर, अशा अर्थाचे काही सांगितले, आणि १८७४ साली त्यांनी देह ठेविला. ख्रिस्ती झाल्यावरही पित्याचे हे शेवटचे सांगणे रमाबाई कधी विसरल्या नाहीत. मला स्वतःला असे वाटते की, त्या पुढे ज्या देवबापावर भिस्त ठेवून जगल्या, त्याची पहिली ओळख त्यांस या वृद्ध ब्राह्मणानेच करून दिली होती.

थोड्याच आठवड्यांत आईही गेली. तिरडी वाहण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. श्मशान सुमारे तीन मैलांवर. रमा सर्वांत ठेंगणी असल्यामुळे तिला आपला भाग खांद्यावर घेता येईना. तो तिने डोक्यावर घेतला. सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या आईस असे पोहोचविले. ही हकीकत वर्गात सांगताना मला आजवर एकदाही मुलांना शांत राहा असे म्हणावे लागलेले नाही.

पुढे थोरली बहीणही वारली, आणि उरलेली दोघे भावंडे उत्तरेकडे निघाली. गाडीभाड्यास पैसा नाही, म्हणून पायी. दक्षिणेतून पंजाब, काश्मीर, आणि तेथून पूर्वेस बंगालपर्यंत हजारो मैल त्यांनी तुडविले. मूठभर भिजविलेले धान्य आणि चिमूटभर मीठ हे त्यांचे जेवण. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरावयास काही नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत आडवी झाली, आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. पाठीमागे घर नाही, पुढे ठिकाण नाही, आणि उद्या अन्न मिळेल की नाही हे ठाऊक नाही. अनिश्चितता हा शब्द आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो, पण त्याचा संपूर्ण अर्थ ज्यांस समजला अशा माणसांत ही दोघे होती. तरी सकाळ झाली की ती वाळूतून उठत आणि चालू लागत. व्रते, उपवास, स्नाने सर्व यथासांग चालू होती. परंतु इतके करूनही मनाचे समाधान होत नाही, ही खंत दोघांच्याही अंतःकरणात घर करून राहिली होती.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. कीर्तीने पोट भरले, पण दुःखाची साखळी तुटली नाही. १८८० साली श्रीनिवास ढाक्यास मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. हे त्या काळी किती धैर्याचे होते ते सांगावयास नको. आसामकडील सिल्चर येथे त्यांचा संसार झाला. पतीच्या पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली व ती त्यांनी उत्सुकतेने वाचली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. आठ वर्षांच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे या बाईंनी पोहोचविली होती. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडचे जहाजभाडे उभे राहिले. १८८३ साली दोन वर्षांच्या मुलीस घेऊन त्या वैद्यकी शिकावयास समुद्रापार गेल्या. तेथे ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न संपले. परमेश्वर एक दार लावतो तेव्हा दुसरे उघडतोच असे आपण घाईने म्हणतो. प्रत्यक्ष ज्याच्या तोंडावर दार लागते त्यास ते काही काळ लागलेलेच दिसते. वाँटेज येथील सिस्टर लोकांच्या आश्रमात २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रातील पुष्कळ मित्रांस याने धक्का बसला व काहींनी कायमचे तोंड फिरविले.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण आम्हां ख्रिस्ती लोकांकडून ती कधी कधी गाळली जाते. बाप्तिस्म्याने रमाबाईंच्या मनास लगेच स्वस्थता आली नाही. मिशनरी मंडळी सांगतील ते डोळे मिटून मानावे असा त्यांचा स्वभावच नव्हता. आपल्या सदसद्विवेकास पटल्यावाचून कोणाची आज्ञा पाळणार नाही, असे त्यांनी वाँटेजच्या सिस्टरना पत्रांतून स्पष्ट कळविले, आणि त्यावरून मतभेदही पुष्कळ झाले. पुढे सात-आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचीत असता त्यांच्या ध्यानात आले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु स्वतः ख्रिस्तास ओळखले नाही. पूर्वी व्रतवैकल्ये करून पुण्य मिळवू पाहत होतो, आता सत्कृत्ये करून तेच करू पाहत आहोत. काखेतली सर्व गाठोडी खाली ठेवून ख्रिस्ताच्या पायांशी बसावे तसे त्यांस तेव्हा झाले. ज्या शांतीसाठी काश्मीरपर्यंत चालत गेलो, ती अशी पुण्यात खुर्चीवर बसल्या जागी मिळावी, याचे त्यांस स्वतःलाच नवल वाटले असेल.

मध्यंतरी १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या होत्या. तेथे विधवांच्या शाळेसाठी बॉस्टनमध्ये एक मंडळ उभे राहिले, त्याने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे ठरविले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन निघाले. आरंभी विद्यार्थिनी दोनच. त्यांतील एक बालविधवा गोदूबाई, ज्या पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या. पुढल्या वर्षी सदन पुण्यास गेले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांसारख्या थोरांनी अंग काढून घेतले, आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी एकदम नेल्या. पालकांचा राग समजण्यासारखा होता. धर्माच्या बाबतीत आपल्या मुलीवर परक्याची छाप पडू नये असे कोणास वाटणार नाही? रमाबाईंनीही दार लावून घेतले नाही. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे होती, म्हणूनच तो प्रसंग इतका कडू झाला.

या सुमारास तीन पुस्तके त्यांच्या हाती आली: ब्रिस्टलमधील अनाथाश्रमवाले जॉर्ज म्यूलर यांचे वृत्त, चीनमधील हडसन टेलर यांच्या मिशनची हकीकत, आणि न्यू हेब्रिडीज बेटांतील जॉन पेटन यांचे चरित्र. या तिघांत समान असे एक सूत्र होते. वर्गणीसाठी कोणाच्या दारी जावयाचे नाही. गरज देवापुढे मांडावयाची आणि कामास लागावयाचे. हिंदुस्थानात असे जगता येईल काय, असा प्रश्न रमाबाईंस पडला. लोणावळ्याच्या एका धर्ममेळ्यात त्यांनी आपल्या मुलींची संख्या मोजली. ख्रिस्ती अशा पंधरा होत्या. त्यांनी पंधराच्या पंधरा पट, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात, अशी प्रार्थना केली. गणित पाहून हसू येते. पण पंचवीस मुली गेलेल्या घरात बसून दोनशे पंचवीस मागणे ही काही घाबरलेल्या मनाची प्रार्थना नव्हे.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, आणि रमाबाईंच्या सर्व आयुष्याची जणू परीक्षा सुरू झाली. तिकडून बातम्या येऊ लागल्या तेव्हा बावीस वर्षांपूर्वीचे ते रान, ती झाडाची पाने, ते अकरा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. जवळ पैसा नव्हता. ज्या मंडळाचा आधार होता त्याच्या दहा वर्षांची मुदत संपत आली होती. तरी त्या स्वतः तिकडे गेल्या, अन्नछत्रे आणि दुष्काळी छावण्या हिंडल्या, आणि तेथे अनाथ मुली भुकेबरोबरच दुष्ट माणसांच्याही तावडीत कशा सापडतात ते पाहून टोळ्याटोळ्यांनी त्यांस घेऊन येऊ लागल्या. अशा सुमारे तीनशे झाल्या. इकडे पुण्यात प्लेग सुरू झाला होता, आणि शहरात अधिक मुली ठेवण्यास सरकारी मनाई झाली.

आता या तीनशे जिवांस न्यावयाचे कोठे? पुण्याहून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर, सोलापूरच्या लोहमार्गावर, केडगाव येथे रमाबाईंनी काही काळापूर्वी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. पुढेमागे सदन आपल्या पायांवर उभे राहावे हा हेतू. त्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या ठोकून या मुली आल्या, आणि रमाबाईही त्यांच्याबरोबर राहिल्या. तेथे जे उभे राहिले त्यास मुक्ती हे नाव मिळाले. त्याच १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड होई तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात सडेतोड लिहिले, व सरकारची नाराजी ओढवून घेतली. प्रार्थना करणारी माणसे मुकाट असतात असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुष्काळातून आलेल्या मुलींची मने कशी असतात याचा विचार करा. पोट भरल्यावरही भूक जात नाही. उद्या मिळणार नाही या धास्तीने हाती येईल ते लपवून ठेवावेसे वाटते. अशा मुलींस केवळ धीराचे शब्द सांगून भागत नाही, हे रमाबाईंस स्वानुभवाने ठाऊक होते. म्हणून प्रथम स्नान, औषध, अन्न आणि झोप. मग लगोलग अंगाला काम. कोणी विणकाम करी, कोणी शेतात राबे, कोणी तेलाच्या घाणीवर, कोणी दुभत्याकडे, कोणी धुण्यावर, कोणी शिवणावर, आणि पुढे छापखाना निघाल्यावर कोणी खिळे जुळवी. दिवसाचा आरंभ प्रार्थनेने आणि शेवटही प्रार्थनेने. अमेरिकेत त्या किंडरगार्टन पद्धती शिकून आल्या होत्या. लहान मुलांस हात, पाय, डोळे चालवीतच शिकवावे हे तत्त्व त्यांनी येथे उपयोगात आणले. आमच्या व्यायामाच्या तासास खेळाचा तास म्हणून नाक मुरडणारे काही सुशिक्षित पालक आहेत. भीतीने गोठलेल्या मुलाला पुस्तकापेक्षा आधी श्वास हवा असतो, ही साधी गोष्ट ते विसरतात. स्नायू दमले म्हणजे मनाची भिंगरी थोडी मंदावते, आणि मन मंदावले म्हणजे प्रार्थनेत नुसते शब्द न राहता माणूसही हजर राहतो. माझा स्वतःचा अनुभव असाच आहे.

१८९९ नंतर पाऊस पुन्हा रुसला आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळाने मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अन्नाइतकीच पाण्याची चिंता. माळरानावर विहिरी खणण्यात आल्या होत्या. दिवसभराच्या उपशाने संध्याकाळी त्यांचा तळ दिसे, आणि सकाळी पुन्हा त्या दिवसापुरते पाणी आलेले असे, असे तेथील सहकाऱ्यांनी नोंदवून ठेविले आहे. कोणी यास चमत्कार म्हणेल, कोणी भूगर्भातील झऱ्यांचा हिशेब मांडील. मला त्यात लक्षात राहते ते असे की, दोन हजार माणसांचे पाणी ज्यांच्या शिरावर होते त्या बाई रात्री झोपत होत्या. संध्याकाळी रिकामी विहीर पाहून निजणे हे काम सोपे नाही. ज्या स्त्रीने झेलमच्या काठी वाळूत निजून सकाळ उजाडलेली पाहिली होती, तिलाच ते जमावे.

पतित स्त्रियांसाठी कृपासदन, अंध मुलींसाठी निराळी व्यवस्था, आणि त्यांस ब्रेल लिपी शिकविणाऱ्या मनोरमाबाई, या सर्वांविषयी लिहू गेल्यास शाळेचा अंक पुरणार नाही. आमच्या काही विद्यार्थिनींसह मी एकदा केडगावास गेले होते. संस्था आजही चालू आहे. परतीच्या गाडीत नेहमी बडबड करणाऱ्या मुली बराच वेळ खिडकीबाहेरच्या माळाकडे पाहत होत्या, आणि दौंडकडून येणाऱ्या त्या गाडीत बसावयास जागा नव्हती तरी त्या दिवशी कोणी कुरकुर केली नाही. अर्थात दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये ती पुन्हा सुरू झाली.

उत्तरवयात रमाबाईंनी आणखी एक लांबची वाट धरली. सामान्य बायाबापड्यांस समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणावे म्हणून त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या, आणि सुमारे पंधरा वर्षांहून अधिक काळ रोज थोडे थोडे असे भाषांतर करीत राहिल्या. श्रवण मंद, शरीर थकलेले, व्याप एवढा मोठा. पण रोजचा मजकूर रोज होई. लांब पल्ल्याची शर्यत धावणारा मुलगा पहिल्याच फेरीस जोर संपवीत नाही, तशी ही चाल होती. मराठी भाषेच्या दृष्टीने ते भाषांतर सर्वत्र सरस आहे असे मी म्हणणार नाही. संस्कृत शब्दांविषयी त्यांनी बाळगलेली सावधगिरी कोठे कोठे वाक्यास जड करते. तथापि खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांच्या हातांनी झाले, हे त्या काळी अपूर्वच होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. चाळिशीतली एकुलती एक मुलगी, संस्था पुढे चालविणारी म्हणून जिच्याकडे पाहिले तीच, आईच्या आधी गेली. ज्या माउलीने आपल्या आईची तिरडी डोक्यावर वाहिली होती तिच्यावर म्हातारपणी ही पाळी आली. रमाबाईंनी संस्थेची व्यवस्था दुसऱ्या हाती सोपविण्याची तजवीज केली आणि भाषांतराची मुद्रिते तपासावयास पुन्हा बसल्या. काम थोडेच उरले होते, आणि प्रकृती ढासळत चालली होती. तेवढे पुरे होण्यापुरते दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली, व ते मिळाले, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटेपूर्वी, झोपेतच, त्यांचे देहावसान झाले. ज्या वेळी त्यांची आई त्यांस धड्यासाठी जागी करीत असे, ती वेळ अजून व्हावयाची होती. तपासलेली मुद्रिते छापखान्यात गेली, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावातून बाहेर पडले.